चुपाकाब्रा: आधी मेलेली शेळी तपासा

मार्च १९९५ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावर आठ मेंढ्या मरून पडलेल्या सापडल्या. छातीवर दात रुतल्यासारख्या खोल जखमा होत्या आणि अंगात रक्ताचा थेंब उरला नव्हता, असं सांगितलं गेलं. मग शेळ्या, कोंबड्या, ससे मेल्याच्या बातम्या येत राहिल्या. ऑगस्टमध्ये कानोव्हानास गावातल्या एका बाईंनी तो प्राणी पाहिल्याचं सांगितलं: दोन पायांवर चालणारा, मोठ्या काळ्या डोळ्यांचा, पाठीवर काटे असलेला. गावच्या महापौरांनी पिंजऱ्यात शेळी बांधून त्याचा माग काढायचा प्रयत्न केला. लोक त्याला चुपाकाब्रा म्हणू लागले. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ शेळ्यांना शोषणारा.

अशा प्राण्याचा गांभीर्यानं अभ्यास व्हावा का? गूढप्राणिशास्त्र, म्हणजे क्रिप्टोझूलॉजी, या नावाखाली काम करणारी हौशी मंडळी हा प्रश्न आवर्जून विचारतात. माझं उत्तर होकारार्थी आहे, पण सुरुवात मेलेल्या मेंढीपासून व्हायला हवी. घटना तिथं घडलेली असते आणि पुरावाही तिच्याच अंगावर असतो.

आधी रक्ताचं पाहू. जनावर मेलं की हृदय थांबतं, रक्ताचा दाब संपतो. गुरुत्वाकर्षणामुळे रक्त अंगाच्या खालच्या बाजूला उतरतं आणि साकळतं. काही तासांनी वरच्या बाजूला चीर दिली तर रक्त वाहत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी सगळं पिऊन टाकलं. रक्त खरंच गेलंय का हे ठरवायचं तर शवविच्छेदन लागतं. गोठ्याच्या दारात उभं राहून ते कळत नाही.

हिशेबही करून पाहू. शेळ्या-मेंढ्यांच्या वजनाचा सुमारे सात टक्के भाग रक्ताचा असतो. चाळीस किलोच्या मेंढीत अडीच-तीन लिटर रक्त धरलं तर आठ मेंढ्यांचं वीस लिटरच्या वर जातं. एवढं पिऊन पुन्हा डोंगरात पसार होणारं पोट कसं असेल? निसर्गात खरोखर रक्तावर जगणारं सस्तन म्हणजे व्हॅम्पायर वटवाघूळ, आणि ते एका रात्रीत जेमतेम दोन-चार चमचे रक्त पितं. तेही शोषत नाही, जखम करून चाटतं. रक्त गोठू नये म्हणून त्याच्या लाळेत खास द्रव्य असतं. रक्तात बहुतांश पाणीच असल्यामुळे पिताना थोड्याच वेळात त्याला ते लघवीवाटे टाकावं लागतं. दोन-तीन रात्री उपाशी राहिलं तर ते मरतं. रक्तावर जगणं इतकं तोलून-मापून चालतं. मोठ्या देहाला ते परवडेल, असं मला वाटत नाही.

मग भोकं कुणाची? कुत्रा किंवा कोल्ह्याच्या कुळातला प्राणी गळा धरतो तेव्हा सुळे रुततात. वरून भोक लहान दिसतं, आत मांस चेचलेलं असतं. कुत्री कधीकधी एकामागून एक जनावरं मारतात आणि खात मात्र काहीच नाहीत. जाणकार पशुवैद्य अशा वेळी मानेवरची कातडी सोलून बघतो. खाली रक्त पसरून काळंनिळं झालं असेल तर चावा जिवंतपणी बसला, नसेल तर मेल्यानंतर कुणीतरी तोंड लावलं. सुळ्यांमधलं अंतर मोजलं की संशयितांची यादी झपाट्यानं आटते.

त्या बाईंनी सांगितलेल्या वर्णनाचाही माग निघाला. अमेरिकी लेखक आणि संशोधक बेंजामिन रॅडफर्ड यांनी पाच वर्षं या प्रकरणाचा पाठपुरावा केला. त्यांच्या लक्षात आलं, की हे वर्णन त्याच उन्हाळ्यात प्रदर्शित झालेल्या ‘स्पीशीज’ या चित्रपटातल्या परग्रही प्राण्याशी विलक्षण जुळतं, आणि बाईंनी तो पाहिलाही होता. मी त्यांना खोटारडं म्हणणार नाही. आपल्या सगळ्यांचीच आठवण अशी ठिगळं जोडून तयार होते.

पुढे टेक्ससमध्ये गोष्ट पालटली. तिथला चुपाकाब्रा चार पायांचा, बिनकेसांचा, राखाडी सुरकुतल्या कातडीचा. एकाच नावाखाली दोन पूर्णपणे वेगळे प्राणी! पण टेक्ससच्या प्राण्याचं शव हाती लागलं, हा मोठा फरक. २००७ मध्ये क्वेरो गावाजवळ सापडलेल्या प्राण्याचा डीएनए टेक्सस स्टेट युनिव्हर्सिटीत तपासला, तेव्हा तो कायोटी निघाला, म्हणजे तिकडच्या माळरानावरचा कोल्ह्या-लांडग्यांचा भाऊबंद.

त्याचे केस कुठे गेले? लूत. आपल्याकडे गल्लीतल्या कुत्र्याला होते तीच. माणसाला खरूज देणारी सार्कोप्टिस नावाची, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान कीड कातडीत बोगदे करते. केस झडतात, कातडी जाड आणि भेगाळ होते. मिशिगन विद्यापीठातले कीटकतज्ज्ञ बॅरी ओकॉनर यांच्या मते ही कीड माणसाकडून कुत्र्यांकडे आणि तिथून रानातल्या कायोटी-लांडग्यांकडे गेली. माणूस तिच्याशी पिढ्यान्‌पिढ्या जुळवून घेत आला. कायोटीच्या शरीराला तेवढा काळच मिळालेला नाही, म्हणून त्याचे हाल अधिक. अशक्त झालेल्या कायोटीला ससा धरवत नाही. दावणीला बांधलेली शेळी त्याला धरता येते.

गूढप्राण्यांचे पुरस्कर्ते इथं ओकापीचं उदाहरण देतात, आणि ते बिनबुडाचं नाही. कांगोच्या जंगलातल्या लोकांना ठाऊक असलेला, जिराफाच्या कुळातला हा प्राणी विज्ञानाच्या नोंदीत १९०१ मध्ये आला. पण तिथं लोकांच्या वर्णनापाठोपाठ कातड्याचे पट्टे, मग पूर्ण कातडं आणि कवट्या हाती आल्या. चुपाकाब्राच्या बाबतीत जेव्हा जेव्हा शव मिळालं आणि तपासलं गेलं, तेव्हा ओळखीचाच प्राणी निघाला. प्वेर्तो रिकोत तर वटवाघळं सोडली तर मूळचं एकही जमिनीवरचं सस्तन आज उरलेलं नाही. कुत्री, मांजरं, अगदी आपल्या देशातून कॅरिबियन बेटांवर उसातले उंदीर मारायला नेलेलं मुंगूससुद्धा माणसानंच तिथं पोचवलं.

म्हणून मला रात्री कॅमेरे घेऊन राक्षस शोधणाऱ्यांपेक्षा सकाळी गोठ्यात वेळेवर पोचणारा पशुवैद्य महत्त्वाचा वाटतो. कुजायला लागण्याआधी त्यानं मानेवरची कातडी सोलून पाहावी, सुळ्यांचं अंतर मोजावं, जखमेतली लाळ डीएनएसाठी पाठवावी. जिची शेळी मेली त्या बाईला यातून उत्तर मिळेल आणि उरलेल्या शेळ्यांना वाचवायला कुंपण कुठल्या प्राण्याला अडवण्यासाठी घालायचं, हेही कळेल.