आभासी जगात जागा घेण्याआधी: लोक तिथे कशासाठी येतात, संस्थांचे कुठे चुकते

आभासी जगात, म्हणजे इंटरनेटवरच्या त्रिमितीय जगात, सभागृह, संग्रहालय किंवा संस्थेची शाखा उभी करायची असेल, तर इमारतीचा आराखडा सगळ्यात शेवटी ठरवा, असे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो. तिथे कोण येणार, कशासाठी येणार आणि ते येतील तेव्हा त्यांच्याशी बोलायला तुमच्याकडचे कोण हजर असणार, हे आधी ठरले पाहिजे. ते ठरले नसेल तर पैसे खर्च करू नका.

हे पत्रक मुख्यतः ‘सेकंड लाइफ’विषयी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब कंपनीने हे जग २३ जून २००३ रोजी सर्वांसाठी खुले केले. त्यात जिंकण्या-हरण्यासारखे काही नाही. जमीन आणि सर्व्हर कंपनीचे असतात. जमिनीवरची घरे, कपडे, झाडे, वाहने मात्र बहुतांशी तिथल्या लोकांनीच बनवलेली असतात आणि ती लिंडन डॉलर या तिथल्या चलनात विकली जातात.

लोक येतात ते माणसांसाठी. घराबाहेर पडणे कठीण असलेल्यांना इथे चारचौघांत वावरता येते, आणि आपल्या आजाराबद्दल कोणाला किती सांगायचे हे त्यांच्याच हातात राहते. व्हर्च्युअल ॲबिलिटी ही अमेरिकेतली संस्था दिव्यांगांसाठी हेच काम करते. नवख्यांना चालायला, बोलायला, कॅमेरा फिरवायला शिकवण्यासाठी तिने खास बेट ठेवले आहे. कोणी परकी भाषा बोलण्याचा सराव करायला येते, कोणी घरातल्या माइकवर गायला, कोणी स्वतः शिवलेले आभासी कपडे विकायला. व्हिडिओ कॉलमध्ये एका वेळी एकाचेच बोलणे नीट ऐकू येते. इथे शंभरात पाच जण बाजूला जाऊन आपापसात बोलू शकतात आणि पुन्हा मंडळीत येऊन बसू शकतात. एवढ्या एका सोयीसाठीही अनेकजण टिकून राहतात.

संस्थांची रीघ लागली ती २००६-०७ मध्ये. रॉयटर्सने ऑक्टोबर २००६ मध्ये तिथे वार्ताहर नेमला, आयबीएमने बेटे घेतली. मे २००७ मध्ये आधी मालदीवने आणि काही दिवसांतच स्वीडनने दूतावास उघडला. त्या काळातली बरीच कार्यालये पुढे बंद झाली. आमच्या मते त्याचे मोठे कारण हे की इमारत चोवीस तास उघडी असायची, पण आत माणूस नसायचा. पाहुणा एकदा भिंती पाहून जातो, दुसऱ्यांदा येत नाही. याउलट अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी निधी जमवणारी ‘रिले फॉर लाइफ’ ही आभासी पदयात्रा २००५ पासून वर्षानुवर्षे भरत राहिली. तिची तारीख ठरलेली, चालायचा मार्ग आखलेला, आणि गेलेल्या आप्तांच्या नावाने दिवे लावायची सोय केलेली. लोकांना तिथे करण्यासारखे काहीतरी होते.

आता प्रत्यक्ष जागेबद्दल. जमीन ‘रीजन’ या मापात मिळते: २५६ मीटर लांब, २५६ मीटर रुंद, म्हणजे ६५,५३६ चौरस मीटर. पूर्ण रीजनवर जास्तीत जास्त १०० अवतार (माणसांच्या आभासी आकृत्या) मावतात, पण चाळीस-पन्नास जमले की हालचाल जड होऊ लागते. प्रत्येक अवताराच्या अंगावरचे दागिने, केस आणि स्क्रिप्ट (वस्तूंना हलवणारे छोटे प्रोग्रॅम) यांचा भार येतो, म्हणून आमंत्रणातच ‘साधा पोशाख, कमी स्क्रिप्ट’ असे लिहा. गर्दी मोठी अपेक्षित असेल तर व्यासपीठ चार रीजन जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर ठेवा आणि श्रोत्यांना चारही बाजूंना बसवा. भार चार ठिकाणी वाटला जातो आणि सर्वांना व्यासपीठ दिसते.

लिखित बोलणे २० मीटरपर्यंतच पोचते, ओरडून लिहिले तर १०० मीटर. मागच्या रांगा २० मीटरपलीकडे गेल्या की तिथल्या लोकांना वक्त्याने लिहिलेले काहीच दिसत नाही, आणि संकोचाने ते सांगतही नाहीत. खुर्च्या अर्धवर्तुळात, व्यासपीठाच्या जवळ मांडा. गाण्याचा कार्यक्रम असेल तर आवाज बाहेरच्या स्ट्रीमिंग सर्व्हरवरून येतो आणि काही सेकंद उशिरा पोचतो, त्यामुळे टाळ्याही उशिरा येतात. दोन शहरांतल्या दोन गायकांना अशा स्ट्रीमवर एकत्र गायला लावू नका, ताल जुळत नाही.

फलकावरचा मराठी मजकूर चित्र म्हणूनच चढवावा लागतो. १०२४ बाय १०२४ पिक्सेलपर्यंतच्या चित्राला १० लिंडन डॉलर लागतात. अक्षर मोठे ठेवा, एका फलकावर आठ-दहा ओळींपेक्षा जास्त नको.

सर्वात जास्त नुकसान होते ते मालकीच्या घोळामुळे. एखाद्या उत्साही कर्मचाऱ्याने स्वतःच्या खात्यातून सगळे बांधले, तर त्या वस्तू त्या खात्याच्या होतात. तो नोकरी सोडून गेला की दुरुस्तीसुद्धा अडते. म्हणून संस्थेचे वेगळे खाते काढून त्यातूनच बांधकाम करा, जमीन ग्रुपच्या, म्हणजे सेकंड लाइफमधल्या सभासद-गटाच्या, नावावर ठेवा आणि प्रत्येक वस्तूला तो ग्रुप लावा. हे शेवटचे विसरले आणि जमिनीवर ‘ऑटो रिटर्न’ चालू असेल, तर ठरलेल्या मिनिटांनी वस्तू मालकाच्या सामानात परत जातात. सकाळी पाहावे तर मांडव गायब! विकत घेतलेल्या वस्तूंवर नक्कल, बदल आणि हस्तांतर अशा तीन परवानग्या असतात. घेण्याआधी त्या वाचा, कारण हस्तांतराची परवानगी नसलेली वस्तू कर्मचाऱ्याच्या खात्यावर घेतली तर ती संस्थेला कधीच मिळत नाही.

उपद्रवी पाहुण्यांसाठी बाहेरच्यांना बांधकाम, स्क्रिप्ट आणि वस्तू आत आणणे आधीच बंद करा. हाकलण्याचा अधिकार किमान दोघांना द्या, त्यातला एक वक्ता नको.

पैशाबाबत एकच ठाम सूचना: तिथे कोणी व्याजाचे आमिष दाखवले तर दूर राहा. ऑगस्ट २००७ मध्ये जिंको नावाची तिथली ‘बँक’ बुडाली, ठेवीदारांचे पैसे गेले, आणि जानेवारी २००८ पासून कंपनीने परवाना नसलेल्या बँकांना बंदी घातली.

परदेशातल्या मराठी मंडळांसह कार्यक्रम करताना वेळ नीट लिहा. सेकंड लाइफचे घड्याळ कॅलिफोर्नियाच्या वेळेवर चालते. पुण्यात संध्याकाळी साडेसात वाजलेले असतात तेव्हा तिथे हिवाळ्यात सकाळचे सहा आणि उन्हाळ्यात सात वाजलेले असतात. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे बदलतात, आपली बदलत नाहीत. त्या आठवड्यात अर्धे श्रोते तासभर आधी किंवा नंतर येतात.

शाळेसाठी मात्र आम्ही ‘ओपनसिम्युलेटर’ सुचवतो. हे २००७ पासूनचे मुक्त सॉफ्टवेअर शाळेच्याच संगणकावर चालते, बाहेरचे कोणी आत येत नाही आणि जमिनीचे भाडे नाही. संपूर्ण रीजन ‘ओएआर’ नावाच्या एका फाइलमध्ये उतरवून ठेवता येते. दर शुक्रवारी ती फाइल वेगळ्या डिस्कवर घ्या. बिघाड झाला तर तीच परत चढवायची.

पहिल्या भेटीला येताना इमारतीची चित्रे आणू नका. पहिल्या तीन महिन्यांतल्या कार्यक्रमांच्या तारखा, प्रत्येक तारखेला दारात उभ्या राहणाऱ्या दोघांची नावे आणि येणाऱ्यांच्या संगणकांची माहिती, विशेषतः वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे की नाही, एवढे घेऊन या. जागेचे माप त्यावरूनच काढता येते.