तुटलेल्या जहाजांनंतर उघडलेल्या प्रयोगशाळा

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी एसओएम, म्हणजे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स (पदार्थ किती ताण सोसतो याचा विषय), सुटला की बहुतेक जण हुश्श करतात. बेंडिंग मोमेंट, मोहर्स सर्कल, सगळे कधीच ठरून गेलेले. यात पीएचडी करून नवे काय शोधणार, असे घरचेही विचारतात. पण या विषयातल्या संशोधनाचा इतिहास पाहिला तर त्यातल्या कितीतरी वाटा काहीतरी अनपेक्षित तुटल्यावर उघडल्या आहेत.

१६ जानेवारी १९४३. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये 'स्केनेक्टडी' हे नवे कोरे तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेले होते. पाणी शांत, रात्र थंडीची. अचानक प्रचंड आवाज झाला, डेक आणि दोन्ही बाजू उभ्या फाटल्या. तळाचे पत्रे तेवढे जोडलेले राहिले. हिशोबाने पाहिले तर तेव्हाचा ताण पोलादाला सहज पेलणारा होता. युद्धाच्या घाईत बांधलेल्या 'लिबर्टी' मालवाहू जहाजांनाही असेच तडे जात होते. सगळ्यांनी आधी वेल्डिंगकडे बोट दाखवले. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की ते पोलादच थंडीत ठिसूळ होत होते. वेल्डिंगमुळे त्यात भर पडली: रिव्हेटच्या बांधणीत भेग पत्र्याच्या कडेपाशी अडायची, सलग वेल्ड केलेल्या सांगाड्यात तिला अडवणारे काहीच नव्हते.

भेग कधी धावत सुटते याचे उत्तर खरे तर वीस वर्षे पडून होते. फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातले ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेवर प्रयोग करून १९२१ मध्ये ते छापले होते. भेग वाढते तेव्हा ताणलेल्या पदार्थात साठलेली ऊर्जा मोकळी होते. नवा पृष्ठभाग तयार करायला लागते त्याहून ती जास्त झाली की भेग थांबत नाही. धातूला हे जसेच्या तसे लागू पडेना, म्हणून इंजिनिअर तिकडे फारसे फिरकले नाहीत. वॉशिंग्टनच्या नौदल प्रयोगशाळेत जॉर्ज इर्विन यांनी भेगेच्या टोकाशी धातू कायमचा वाकण्यात खर्च होणारी ऊर्जाही हिशोबात धरली आणि १९५७ मध्ये भेगेच्या टोकाशी ताण किती तीव्र आहे हे सांगणारा 'स्ट्रेस इंटेन्सिटी फॅक्टर' मांडला. पुढे ते लिहाय विद्यापीठात प्राध्यापक झाले.

मधल्या काळात, १९५४ मध्ये, 'कॉमेट' जातीची दोन प्रवासी जेट विमाने भूमध्य समुद्रावर फुटून पडली. फार्नबरोला एक अख्खे विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यातला दाब पुन्हा पुन्हा वाढवला-उतरवला, तेव्हा धातूचा फटीग, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ताणाने भेग पडून वाढत जाणे, उघड झाला.

मला स्वतःला पॉल पॅरिस यांची हकिगत सर्वांत मोलाची वाटते. हा तरुण बोइंगमध्ये उन्हाळ्यापुरता कामाला गेला आणि ताणाच्या प्रत्येक चढ-उताराला भेग किती वाढते याचे गणित त्याने इर्विन यांच्या फॅक्टरशी जोडले. तीन नामांकित नियतकालिकांनी तो लेख नाकारला. अखेर १९६१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका साध्या पत्रिकेत तो आला. विमानाची पुढची तपासणी किती उड्डाणांनी करायची, हे ठरवताना आजही 'पॅरिस लॉ' वापरतात.

आपल्याकडे १९५५ मध्ये खरगपूरला बी. आर. सेठ यांच्या पुढाकाराने सैद्धांतिक व उपयोजित यामिकीची (मेकॅनिक्सची) भारतीय संस्था निघाली. १९५८ मध्ये मुंबईत आयआयटी सुरू झाली, तिचे आवार पुढे पवईला उभे राहिले. मुंबईत जन्मलेले सुब्रा सुरेश मद्रास आयआयटीतून एमआयटीत गेले. धातूच्या फटीगवर नाव कमावल्यावर ते मलेरियाने ताठर झालेल्या तांबड्या पेशींच्या यामिकीकडे वळले आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे संचालक झाले.

आजचे प्रश्नही तुटण्याचेच आहेत: हायड्रोजन शिरून ठिसूळ होणारे पोलाद, थ्रीडी प्रिंटिंगने घडवलेल्या भागांमधली सूक्ष्म छिद्रे, थर सुटणारी कंपोझिट (वेगवेगळे पदार्थ एकत्र करून बनवलेली द्रव्ये). पवईला हे काम मेकॅनिकल, सिव्हिल, एरोस्पेस आणि मेटलर्जी अशा विभागांत विखुरलेले आहे, त्यामुळे पीएचडीचा अर्ज करताना एकाच विभागाचे पान पाहून थांबू नये. गेट या प्रवेश परीक्षेच्या एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस) पेपरमध्ये गणिताबरोबर सॉलिड मेकॅनिक्स आणि मटेरियल्स सायन्स असे दोन्ही भाग निवडता येतात. मात्र या पेपरचे गुण आयआयटीचा कोणता विभाग धरतो, ते आधी विचारून घ्यावे.