फाशापेक्षा सौदा अवघड

मे महिन्याच्या सुट्टीत सांगलीला विश्रामबागेत बहिणीकडे गेलो होतो. आठवीतली भाची मोबाईलवर व्यापार खेळत होती, तीन कॉम्प्युटर खेळाडूंविरुद्ध. मी बघत बसलो. नारिंगी सेटच्या दोन जागा तिच्याकडे होत्या. तिसरी तिनं एका कॉम्प्युटरकडून छापील किमतीवर थोडे पैसे चढवून विकत घेतली, लगेच तिथं घरं बांधली आणि थोड्याच वेळात त्याच कॉम्प्युटरचं दिवाळं काढलं. "मामा, ह्याला व्यापार येतच नाही," ती म्हणाली, "रोज गंडवते मी ह्याला."

दाजींना ते पटेना. बुद्धिबळात जगज्जेत्याला हरवणाऱ्या कॉम्प्युटरला हा पोरांचा खेळ जमत नाही म्हणजे काय? हा प्रश्न सांगलीत कुणालाही पडेल. बुद्धिबळ संघटक भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळाच्या या गावात अवघड खेळ म्हटला की बुद्धिबळच डोळ्यांसमोर येतं. १९९७ मध्ये डीप ब्लू या कॉम्प्युटरनं जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं, म्हणजे बाकीचे खेळ आपोआप सुटले असा समज तेव्हापासून पसरला आहे. तो चुकीचा आहे.

बुद्धिबळात दोनच खेळाडू असतात, सगळा पट उघडा असतो आणि एकाचं जितकं नुकसान तितकाच दुसऱ्याचा फायदा. व्यापारात फासे आहेत, तीन-चार खेळाडू आहेत आणि आपसातले सौदे आहेत. त्यात फासे सगळ्यात सोपे.

पुढचे आकडे ज्यावरून व्यापार आला त्या मूळ अमेरिकन मोनोपॉलीचे आहेत. पटावर ४० चौकोन. दोन फासे ३६ प्रकारांनी पडतात. त्यात ७ सहा प्रकारांनी येतात, ६ आणि ८ पाच-पाच प्रकारांनी, ९ चार प्रकारांनी. जेलमध्ये जाण्याच्या वाटा अनेक असल्यामुळे खेळाडू तिथूनच सर्वांत जास्त वेळा निघतात. आणि जेलपासून ६, ८ आणि ९ चौकोन पुढं नारिंगी जागा आहेत. ५ + ५ + ४ म्हणजे ३६ पैकी १४. जेलमधून निघालेला जवळजवळ ३९ टक्के वेळा पहिल्याच फेकीत नारिंगीवर येतो. पुढची जागा आत्ताच्या जागेवर, फाशांवर आणि उचललेल्या कार्डावर ठरते, मागचा इतिहास जवळजवळ लागत नाही. अशा साखळीला रशियन गणिती मार्कोव्हचं नाव आहे, आणि कॉम्प्युटर ती क्षणात सोडवतो.

फाशाला स्मरण नसतं, हे मात्र ठासून सांगायला हवं. "तीन वेळा लहान दान पडलं, आता मोठं पडणारच", "ह्याचा हात जड आहे", फुंकर मारून फासे टाकणं, या सगळ्याला काडीचा आधार नाही. ॲप आपल्याविरुद्ध फासे फिरवतं अशी तक्रार असेल तर ३६० फेका लिहून काढा. त्यात ७ हे दान साठच्या आसपास वेळा आलं तर तक्रार सोडून द्या.

आता सौदा. भाचीच्या मोबाईलमधला खेळाडू एकच नियम पाळताना दिसत होता: छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मिळाले की विकायचं. इथंच तो फसतो. मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही: माल तोच असला तरी ज्याची ऑर्डर अडली आहे त्याला तो जास्त मोलाचा असतो. न्यूयॉर्क ॲव्हेन्यू या नारिंगी जागेची छापील किंमत २०० डॉलर. नुसत्या जागेचं भाडं १६, दोन घरांवर २२०, तीन घरांवर एकदम ६००. पण सेट पुरा झाल्याशिवाय घरं बांधताच येत नाहीत. म्हणजे कार्ड एकच, आणि ते कुणाच्या हातात जातं त्यावर त्याचं मोल बदलतं.

म्हणून हुशार खेळाडूनं किंमत पैशात मोजायचीच नाही. जिंकण्याच्या शक्यतेत मोजायची. ती काढण्याची युक्ती मला फार आवडते. सौदा झाला असं धरून पटाची नक्कल करायची आणि तिथून पुढचा खेळ शेवटपर्यंत स्वतःशीच खेळून टाकायचा, हजार वेळा, दर वेळी नवे फासे. किती वेळा जिंकलो ते मोजायचं. मग सौदा झालाच नाही असं धरून पुन्हा हजार वेळा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे सौद्याची खरी किंमत. १९४६ मध्ये आजारातून उठताना स्टॅनिस्लॉ उलाम हा गणिती पत्त्यांचा सॉलिटेअर खेळत होता. डाव सुटण्याची शक्यता गणितानं काढण्यापेक्षा शंभर डाव मांडून मोजावेत, असं त्याच्या मनात आलं. त्यातूनच ही मॉन्टे कार्लो पद्धत निघाली.

हजार डावच का? चार खेळाडूंत शक्यता २५ टक्क्यांच्या आसपास असते. तिथं हजार डावांच्या मोजणीत साधारण १.४ टक्क्यांची प्रमाण त्रुटी राहते, म्हणजे आकडा साधारण तितका इकडे-तिकडे होऊ शकतो. दहा हजार डाव खेळलात तर ती ०.४३ वर येते. मेहनत दहापट, अचूकता फक्त तिपटीहून थोडी जास्त, कारण त्रुटी डावांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. आणि सौदे किती? दोघांकडे सात-सात जागा असतील तर पैसे सोडून नुसत्या जागांच्या अदलाबदलीचे प्रकार २ चा १४ वा घात, म्हणजे १६,३८४. प्रत्येकासाठी हजार डाव म्हटलं तर दीड कोटीच्या वर. म्हणून ज्यात कुणाचा तरी सेट पुरा होतो असेच सौदे आधी तपासायचे.

या मोजणीतून न शिकवलेल्या गोष्टीही सापडतात. खेळ उशिरा रंगात आला की जेलमध्ये बसून राहणं फायद्याचं, कारण आपल्याला भाडं मिळत राहतं आणि द्यावं लागत नाही. बँकेकडे घरं ३२ च असतात. चार घरांवर थांबून हॉटेल न बांधलं तर ती अडकून राहतात आणि इतरांना बांधायला घरंच उरत नाहीत. पद्धतीत उणीवही आहे. नकलेतले खेळाडू पुढं सौदेच करत नसतील तर उद्याच्या सौद्यांचं मोल हिशेबात येत नाही. बॅकगॅमन हाही फाशांचाच खेळ. त्यात १९९२ मध्ये आयबीएमच्या जेराल्ड टेसॉरोनं स्वतःशी खेळून स्थिती जोखायला शिकणारा प्रोग्रॅम बनवला. व्यापारातही तीच वाट धरावी लागेल. 'एआय' ही दोन अक्षरं जाहिरातीत छापून हे काम होत नाही.

चौघांत सौदा का जमतो तेही यातूनच दिसतं. समजा प्रत्येकाची शक्यता २५ टक्के आहे. माझा सेट पुरा होतो, तुमचाही होतो. मी ३४ वर जातो, तुम्ही ३० वर, बाकीचे दोघं १८-१८ वर येतात. आपल्या दोघांचा फायदा त्या दोघांच्या खिशातून आला. पण पटावर दोघंच उरले की बेरीज १०० च राहते आणि तिसरा खिसा नसतो. मी वर गेलो तर तुम्ही तितकेच खाली. दोघांचा हिशेब अचूक असेल तर दोघांनाही हवा असा एकही सौदा उरत नाही.

भाचीला हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे मी ह्याला सगळ्यात जास्त शेवटीच गंडवते ते ह्यामुळं. दोघंच उरलो तरी हा विकतोय."