सांग्रिया मुरवायची, पंच जुळवायचा

नाताळपासून थर्टी फर्स्टपर्यंत ठाण्यातल्या कितीतरी घरांत टेबलावर एकच चित्र दिसतं: मोठं काचेचं भांडं, त्यात लालसर पेय आणि वर तरंगणाऱ्या संत्र्याच्या चकत्या. कोणी त्याला पंच म्हणतं, कोणी सांग्रिया. दोन्हींत फळं असतात, दोन्ही दहा-पंधरा जणांसाठी एकाच भांड्यात होतात, दोन्ही डावाने ग्लासात वाढतात, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. पण करायची रीत इतकी वेगळी आहे की एकीची रीत दुसरीला लावली की दोन्ही बिघडतात. पंच आदल्या रात्रीच पूर्ण करून ठेवला तर लिंबाचा रस शिळा लागतो आणि सोड्याचा दम गेलेला असतो. सांग्रिया पाहुणे लिफ्टमध्ये असताना केली तर ती नुसती फळं घातलेली वाइन असते.

सांग्रियात फळांचा स्वाद वाइनमध्ये उतरतो आणि वाइन फळांत शिरते. या देवाणघेवाणीला तास लागतात; लोणच्यासारखी ती मुरावी लागते. पंचात मुरणं जवळजवळ नाही. तिथे आंबट, गोड, कडक आणि पाणी यांचं माप जुळवायचं असतं, तेही वाढण्याच्या आधी, चाखत चाखत. कोणी मला विचारलं की पार्टीला यातलं काय करू, तर मी आधी विचारते की आदल्या रात्री तुमच्या फ्रीजमध्ये एक मोठा जग मावेल का. मावत असेल तर सांग्रिया. फ्रीज केक आणि मॅरिनेट केलेल्या चिकनने भरला असेल तर पंच.

सांग्रिया स्पेन आणि पोर्तुगालची. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमाप्रमाणे नुसतं ‘सांग्रिया’ हे नाव लावून विकायचं असेल तर ते पेय या दोन देशांतच बनलेलं असावं लागतं आणि त्यातलं अल्कोहोल किमान साडेचार टक्के, पण बारा टक्क्यांच्या आत असावं लागतं. घरी करणाऱ्याला हा नियम लागू नाही. तरी त्यातून एक खूणगाठ मिळते: सांग्रिया नेहमीच्या वाइनपेक्षा सौम्य व्हायला हवी. तिच्यात हाताला येईल ती दारू ओतत गेलं की ती सांग्रिया राहत नाही.

वाइन महाग नको. लाकडी पिंपात मुरलेली, तुरट, जड रेड वाइन इथे वाया जाते, कारण फळांच्या साली त्या तुरटपणात भर घालतात. नाशिकची एखादी ताजी, फळांच्या वासाची, मध्यम किमतीची रेड पुरते. ७५० मिलीच्या एका बाटलीला मी एक सफरचंद, एक संत्रं, अर्धी वाटी डाळिंबाचे दाणे, दालचिनीचा बोटभर तुकडा, तीन मोठे चमचे साखर, ६० मिली ब्रँडी आणि १०० मिली संत्र्याचा रस घेते. आधी फळांवर साखर आणि ब्रँडी घालून अर्धा तास ठेवायची. साखर फळातलं पाणी ओढून घेते आणि भांड्याच्या तळाशी पाक साचतो. मग त्यावर वाइन ओतून, झाकून, फ्रीजमध्ये सहा ते बारा तास. सोडा साधारण २५० मिली, तोही अगदी वाढताना आणि गार असलेलाच. कोमट सोड्यातला वायू ओतताक्षणी उडून जातो.

सांग्रिया बिघडते ती बहुतेक वेळा फळांमुळे, म्हणून त्यांच्यावर जरा थांबते. कडक, घट्ट गराचं फळ वाइनमध्ये टिकतं. सफरचंद, नासपती, अननस बारा तासांनंतरही चमच्याला लागतात. केळं आणि पपई चार तासांत लगदा होतात आणि पेय गढूळ करतात. कलिंगडाचं पाणी होतं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी डिसेंबरात बाजारात असते आणि ती घालायचा मोह होतोच, पण तिचा रंग वाइनमध्ये उतरतो आणि फळ फिकट, मऊ पडतं. ती शेवटच्या तासात घाला. पेरूचा वास एवढा जोरकस असतो की बाकी सगळं झाकोळतं, आणि बिया दाताखाली येतात. डब्यातलं पाकातलं मिक्स फ्रूट तर अजिबात नको. ती फळं आधीच साखरेच्या पाकाने भरलेली असतात, वाइन आत घ्यायला त्यांच्यात जागाच उरत नाही.

संत्र्याचं एक वेगळंच. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, हाताने सोलून निघते. फोडी घ्या, बिया काढा आणि दोऱ्यांसारखे पांढरे धागे शक्य तेवढे साफ करा. सालीसकट गोल चकत्या फोटोत सुंदर दिसतात, पण सालीखालचा पांढरा भाग रात्रभर वाइनमध्ये राहिला की कडवटपणा सोडतो. चकत्या हव्याच असतील तर त्या वाढताना वर ठेवा. आणि मोसंबी सांग्रियात टाळा. मोसंबीचा रस काढून ठेवला की तासाभरात कडू व्हायला लागतो, हे ज्यूस सेंटरच्या गाडीवर काम करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. मोसंबीची खरी जागा पंचात आहे, जिथे रस काढला की लगेच ग्लासात जातो.

आता पंच. सतराव्या शतकात इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून हे पेय इकडच्या किनाऱ्यांवरून इंग्लंडला गेलं. जहाजावर बियर टिकायची नाही, म्हणून खलाशांनी इथली अरक म्हणजे देशी कडक दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला एकत्र केला. यातल्या कुठल्याच वस्तूला मुरायला वेळ लागत नाही. ठाणे-वसई पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत सणाला जे खिमाड होतं, मसाले घालून उकळलेलं आणि गरमच प्यायचं, तेही मला याच घराण्यातलं वाटतं.

पंचाचं माप कॅरिबियन बेटांवरच्या एका जुन्या यमकात बसलेलं आहे: एक भाग आंबट, दोन गोड, तीन कडक, चार सौम्य. म्हणजे एक वाटी लिंबाचा रस, दोन वाट्या साखरेचा पाक, तीन वाट्या रम आणि चार वाट्या पाणी, कोरा चहा किंवा फळांचा रस. आपल्या जिभेला दोन भाग पाक जास्त होतो. चौथ्या भागात संत्र्याचा किंवा अननसाचा रस असेल तर तो स्वतःच गोड असतो, अशा वेळी पाक दीड वाटीवर थांबवा आणि मग चाखा. कोकणातून आलेलं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, लिंबाच्या जागी छान जमतं, पण त्यात मीठ असतं, म्हणून लिंबाच्या निम्म्याने सुरुवात करा. अमृत कोकम, म्हणजे कोकमाचं गोड सरबत, वापरत असाल तर ते आंबटात नाही, पाकात मोजा. बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि रंगही सारखाच, त्यामुळे लेबल वाचूनच ओता.

पंचात फळाचा गर दुय्यम, साल महत्त्वाची. इथे एक काम मात्र आधी करता येतं, आणि ते केलं की पंच हॉटेलातल्यासारखा नाही, त्याहून चांगला होतो. संत्र्याची साल पीलरने पातळ काढा, पांढरा भाग लागू देऊ नका. सैल सालीच्या फळाला पीलर नीट बसत नसेल तर साल हाताने काढून आतला पांढरा भाग चमच्याने खरवडा. चार संत्र्यांच्या सालीला एक वाटी साखर घ्या आणि लाटण्याच्या टोकाने किंवा खलबत्त्याच्या बत्त्याने हलके चेचा. साल फाटायला नको, नुसती दबायला हवी. झाकून दोन-तीन तास ठेवा. साखर ओलसर, पिवळट होते, आणि झाकण काढताच स्वयंपाकघरभर संत्र्याचा वास पसरतो. सालीतलं सुगंधी तेल साखरेने ओढून घेतलेलं असतं. त्यावर लिंबाचा रस ओतून साखर विरघळवली आणि साली गाळल्या की हाच तुमचा पाक. कागदी लिंबाची साल एवढी पातळ असते की तिच्यावर हे काम करणं कटकटीचं जातं, संत्री घ्या. डिसेंबरात तुर्भ्याच्या एपीएमसी घाऊक बाजारात ती पेटीने मिळतात, ठाण्याच्या जांभळी नाक्यावर डझनाने.

सांग्रियात बर्फाचे खडे घालून ठेवणं म्हणजे रात्रभराच्या मेहनतीत पाणी ओतणं. ती फ्रीजमध्येच गार व्हायला हवी, फार तर फ्रीजरमध्ये गोठवलेले द्राक्षाचे मणी घाला. पंचात मात्र बर्फ हा घटक असतो. तो हळूहळू वितळतो आणि पंच हळूहळू सौम्य होत जातो, म्हणून सुरुवातीला तो किंचित तीव्र असायला हवा. एक मोठी लादी लहान खड्यांपेक्षा सावकाश वितळते, कारण तेवढ्याच बर्फाचा हवेला आणि पेयाला लागणारा पृष्ठभाग कमी असतो. मी स्टीलच्या लिटरभर डब्यात पिण्याचं पाणी आदल्या रात्री गोठवते. डब्यावर बाहेरून नळाचं पाणी सोडलं की लादी सुटते. बाजारातून लादी आणायची असेल तर ती खाण्याच्या बर्फाचीच आहे ना, हे विचारा. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याची सक्ती महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. निळसर झाक दिसली की ती लादी भांड्याबाहेर, मासळी गार करायला.

आता कडकपणाचा हिशेब, कारण यजमानाची खरी जबाबदारी इथे आहे. वाइन १३ टक्क्यांची आणि ब्रँडी-रम ४२.८ टक्क्यांची धरली, तर वर सांगितलेली सांग्रिया सोड्यासकट साधारण साडेदहा टक्क्यांची होते. पंचात दहा भागांत तीन भाग रम, म्हणजे पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास. बर्फ वितळून अडीच भाग पाणी मिळालं की तोही दहावर येतो. आकडे जवळजवळ सारखे. पण वाइनची तुरट चव पिणाऱ्याला सावकाश घोट घ्यायला लावते, पंचातली साखर आणि लिंबू रमची धार झाकून टाकतात. माणूस सरबताच्या वेगाने तीन ग्लास संपवतो आणि मग घोडबंदर रोडला गाडी काढायला निघतो. पंचासाठी ग्लास लहान ठेवा, आणि परत कोण कसं जाणार हे पहिला ग्लास भरण्याआधी विचारा.

मुलांच्या बाबतीत सांग्रिया जास्त धोक्याची. पंचातली फळं शोभेची असतात, सांग्रियातली फळं दारू प्यायलेली असतात. पेय संपलं की तळाशी उरलेल्या सफरचंदाच्या फोडी कुणीतरी सहज एखाद्या मुलाच्या वाटीत टाकतं. असं होऊ देऊ नका; जग रिकामा झाला की फळं उचलून ठेवा. बिनदारूचं भांडं वेगळ्या रंगाचं, वेगळ्या टेबलावर असावं.

बिनदारूच्या पेयासाठी माझं मत पंचाकडे झुकतं, अगदी ठामपणे. तीन भाग रमच्या जागी दीड भाग गार कोरा चहा आणि दीड भाग संत्र्याचा रस, त्यात आल्याचा रस चमचाभर, पाणी म्हणून सोडा. चहाचा तुरटपणा आणि आल्याचा तिखटपणा मिळून ती रिकामी जागा भरून काढतात आणि आजी-आजोबाही आवडीने दुसरा ग्लास मागतात. आवळ्याचा हंगाम असतोच, लिंबातला निम्मा भाग आवळ्याच्या रसाचा घेतला तर आणखी मजा. बिनदारूची सांग्रिया डाळिंबाच्या ताज्या रसात आणि कोऱ्या चहात होते, पण तिथे फळं दोन-तीन तासांपलीकडे ठेवू नका. अल्कोहोल नसताना कापलेली फळं आणि रस लवकर आंबतात. खरं सांगायचं तर ते फळं घातलेलं उत्तम सरबत असतं, आणि तसंच म्हणून वाढावं.

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मद्य देणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एका दिवसाचा परवाना आधी काढा. आणि महाराष्ट्रात रम-ब्रँडीसाठी वयाची अट २५ आहे. कॉलेजातल्या भाच्यांना बिनदारूच्या टेबलाकडे वळवायला हे कारण पुरेसं आहे.

उरलेल्याचं काय करायचं यातही दोघींत फरक आहे. सोडा न घातलेली सांग्रिया फळं गाळून, झाकून, फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चांगली राहते, म्हणून सोडा जगमध्ये नाही, ग्लासात घाला. बर्फ वितळलेला पंच ठेवण्यात अर्थ नाही. संत्र्याचा पाक मात्र जास्तीचा करून बाटलीत भरला तर फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो, आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारी दोन चमचे गार पाण्यात घालून कुणालाही देता येतो.