जुन्या डेस्कटॉपवर विंडोज ११ : अडतं कुठे?

नागपूरच्या सीताबर्डीत जुना सीपीयू दुरुस्तीला नेला की हल्ली पहिला प्रश्न येतो, "प्रोसेसर कितव्या जनरेशनचा आहे?" पूर्वी कुणी विचारत नसे. रॅम पाहायची, डेटा काढून घेतला ना म्हणून विचारायचं आणि विंडोज मारून द्यायची.

एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. दोन्ही वेळा जुनं मशीन पुढच्या विंडोजवर रडतखडत का होईना, चालायचं. २९ जुलै २०१५ ला आलेली विंडोज १० तर २ जीबी रॅमवरही उभी राहायची, आणि ७ व ८.१ वाल्यांना पहिलं वर्षभर फुकट होती. हीच शेवटची विंडोज, असं मायक्रोसॉफ्टचा एक कर्मचारी तेव्हा एका परिषदेत बोलून गेला होता. लोकांनी ते लक्षात ठेवलं.

विंडोज ११ जाहीर झाली २४ जून २०२१ ला, बाजारात आली ५ ऑक्टोबरला. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा यांचं कुणाला काही वाटलं नाही. घोळ झाला तो टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप), सिक्युअर बूट आणि चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीवरून.

टीपीएमचं निस्तरता येतं. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या बऱ्याच बोर्डांवर तो असतोच. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, 'पीटीटी' नावाखाली बंद पडलेला असतो, तो चालू करायचा. सिक्युअर बूट म्हणजे सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय; तिच्यासाठी डिस्क जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीने विभागलेली, लागते. असेंबल केलेल्या मशीनवर ती हमखास एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीची, निघते, पण २०१७ पासून विंडोज १० मध्येच असलेलं एमबीआरटूजीपीटी हे साधन डेटा न पुसता ती बदलून देतं. बॅकअप मात्र आधी घ्यावा.

एवढं सगळं जुळवूनही सातव्या पिढीतल्या आय-फाइव्ह ७४०० चं मशीन नापासच. इंटेलची आठवी पिढी ही सीमा. कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये खुलासा केला : अटीत न बसणाऱ्या मशीनवर कर्नल क्रॅश (विंडोजचा गाभाच कोसळणं) ५२ टक्के जास्त दिसले, शिवाय नव्या सुरक्षेला प्रोसेसरचा आधार हवा. पण त्या सुरक्षेचा वेग सांभाळणारी सोय, एमबीईसी, सातव्या पिढीतही आहे. त्याच खुलाशात सातव्या पिढीतले मोजके प्रोसेसर आत घेतले गेले, आणि त्यातला एक नेमका कंपनीच्याच महागड्या डेस्कटॉपमधला! सुरक्षेचं कारण खोटं नाही. रेघ मात्र सोयीने मारलेली दिसते.

पुढे कंपनीनेच रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदीत) बदल करून अपग्रेड करायची वाट आपल्या साइटवर दिली, आणि नंतर ती तिथून काढूनही टाकली. दुकानदार आजही त्याच वाटेने किंवा रूफस या फुकट साधनाने बनवलेल्या पेन ड्राइव्हवरून अटी वगळून विंडोज ११ चढवतात. २०२४ च्या २४एच२ या आवृत्तीपासून मात्र कोअर टू ड्युओच्या काळातल्या मशीनचा दरवाजा खरोखर बंद झाला, कारण पॉपकाउंट ही प्रोसेसरची सूचनाच त्यांच्यात नाही. तिथे जुगाड चालत नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनला नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. अटी वगळून ११ चढवलेल्यांना एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत : दरवर्षीची मोठी आवृत्ती अशा मशीनवर आपोआप येत नाही, आयएसओ (विंडोज चढवायची फाइल) घेऊन पुन्हा बसावं लागतं. विंडोज मारायचे पैसे ठरवतानाच हे विचारून घ्यावं.