जात्यावरच्या ओव्यांचे जतन

दळताना बायका म्हणतात त्या ओव्या ऐकून लिहून घेणे, त्यांचे ध्वनिमुद्रण करणे, त्या सापडतील अशा लावून ठेवणे आणि गाणारणींच्या गावात परत पोचवणे, असे हे काम आहे. ओवीला एक कवयित्री नसते. आईकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे ती गेली, आणि जिने तिने तीत आपल्या भावाचे, लेकराचे, गावाचे नाव घातले. शेतकरी, मजूर आणि दलित बायकांपैकी बहुतेकींना लिहिता येत नव्हते. त्यामुळे माहेर, सासुरवास, बाळंतपण, दुष्काळ, पंढरीची वाट यांविषयी त्यांनी स्वतः काय म्हटले, हे या ओव्यांइतके दुसरीकडे कुठे सापडत नाही.

चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात (इ.स. ११२९) महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. विसाव्या शतकात साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या एकत्र केल्या. पुढे महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीतर्फे सरोजिनी बाबर यांनी लोकगीतांचे मोठे काम केले. या पिढीचा भर शब्दांवर होता. गाणारी कोण, तिची वस्ती कोणती, चाल कशी, हे छापील पानावर फारसे उतरले नाही.

ती उणीव पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांच्या प्रकल्पाने भरून काढली. दोघे मुळशीच्या डोंगरी भागात गरिबांच्या संघटनेचे काम करत होते, आणि ओव्या त्या कामातूनच हाती आल्या. पुढे हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांहून अधिक बायकांकडून १ लाख १० हजारांवर ओव्या जमा झाल्या. संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांनी १९९०च्या दशकात त्यांचा संगणकीय संग्रह उभारला आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. पॉइट्वाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. मार्च २०१७पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) हा संग्रह मूळ मराठी शब्द, आवाज आणि भाषांतरासह प्रकाशित करत आहे.

गिरणी गावात आली आणि जाते कोपऱ्यात गेले. हळद, भरड किंवा लग्नाच्या विधीपुरते ते अजून बाहेर निघते, पण पहाटेचे रोजचे दळण संपले आणि नवी ओवी रचण्याची जागाच गेली. म्हातारीला समोर बसवून ‘आजी, ओव्या म्हणा’ म्हटले की चार-पाच ओव्यांपुढे गाडी जात नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. आठवण कमी झाली असे त्यावरून समजू नये. हाताला फेरा मिळाला की एकीतून दुसरी ओवी निघते, म्हणून मुद्रणासाठी जाते मांडावेच. मात्र ते रिकामे फिरवू नये. दगडावर दगड घासतो, टाकीने (छिन्नीने) पाडलेले घाव झिजतात आणि आवाजही कर्कश होतो. दोन-तीन किलो ज्वारी किंवा तांदूळ जवळ ठेवावा आणि मूठमूठ वैरत राहावे. खुंट्याला समोरासमोर दोघी बसल्या तर उत्तम, कारण एकीने उचललेली ओळ दुसरी झेलते आणि एकीचा दम दुसरीला पुरतो.

जात्याची घरघर माइकमध्ये गाण्यावर चढते. जात्याखाली जाड गोणपाट किंवा घडी केलेली गोधडी घालावी. माइक तोंडापासून वीत-दीड वीत अंतरावर, दगडांकडे पाठ करून लावावा. त्याच ओव्या नंतर जाते थांबवून पुन्हा म्हणवून घ्याव्यात. पहिल्या मुद्रणात लय खरी असते, दुसऱ्यात शब्द स्पष्ट असतात, म्हणून दोन्ही ठेवावीत. मूळ फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह असावी. एमपीथ्री फाइल लहान करताना आवाजाचा काही भाग गाळते. ऐकण्यापुरती ती ठीक, पण तीच मूळ प्रत मानली की गेलेला आवाज परत येत नाही. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला गाणारीचे नाव, गाव, तारीख बोलून घ्यावी. वही हरवते, फाइलचे नाव बदलते. आवाजातच असलेली नोंद टिकते.

उतरवून घेतानाच्या चुका जास्त घातक. गाताना ओळ अर्धी अर्धी परत येते, मध्ये ‘गं’, ‘बाई’, ‘सांगते बाई’ अशी भर पडते. शिकलेला लेखनिक ही भर फापटपसारा म्हणून गाळतो आणि चालीचा सांगाडाच मोडतो. म्हणून दोन पाठ करावेत: एक जसा गायला तसा, दुसरा फक्त दोन ओळींचा. ‘व्हती’चे ‘होती’ आणि ‘पानी’चे ‘पाणी’ करणे हा शुद्धलेखनाचा उपकार नव्हे; त्याने मात्रा बिघडतात आणि बोलीची खूण पुसली जाते. ओवीतला राघू म्हणजे मुलगा, मैना आणि साळू म्हणजे लेक, चुडा म्हणजे नवरा. हे ठाऊक नसलेल्या भाषांतरात घरभर पोपट उडतात. अर्थ गाणारीलाच विचारावा आणि तिचे स्पष्टीकरणही मुद्रित करावे. एकच ओवी दहा गावांत दहा रूपांत मिळाली तर दहाही ठेवाव्यात; त्यांतली ‘मूळ’ कोणती हे शोधत बसण्यात अर्थ नाही.

ओवी कुठे बसून ऐकली यावर काय ऐकायला मिळेल हे ठरते. सासू ओसरीवर असताना सासुरवासाच्या ओव्या सून म्हणत नाही. पाटलाच्या वाड्यात बैठक भरवली तर बाबासाहेब आणि रमाबाईंवरच्या ओव्या कानावर पडणे कठीण. त्यासाठी वस्तीत जावे लागते. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात अशा ओव्यांचा मोठा साठा मिळाला. राईरकर-पॉइट्वाँ यांच्या वर्गीकरणात आंबेडकरांवरच्या ओव्यांना स्वतंत्र वर्ग आहे. सगळे ‘भक्ती’च्या खणात टाकण्याची सोपी सवय तिथे टाळली, हे त्या वर्गीकरणाचे बलस्थान.

संमती एकदा घेऊन भागत नाही. गाताना नवऱ्याचे, जावेचे नाव सहज येते. मुद्रण लगेच ऐकवून काय बाहेर जाऊ द्यायचे, काय नाही, हे तिलाच ठरवू द्यावे. गाणारीचे नाव द्यायचे असेल तर तिला हवे तसेच द्यावे. मुद्रणाच्या तीन प्रती, त्यांपैकी एक वेगळ्या गावी, ही किमान व्यवस्था. गावात परत द्यायची प्रत मात्र हार्ड डिस्कवर देऊन उपयोग नाही. ती नातवाच्या मोबाइलवर, एका ओवीची एक फाइल आणि फाइलला आजीचे नाव, अशी दिली तर ऐकली जाते.