'या' आणि 'डॉख': जर्मनमधले दोन 'हो' आणि आपला 'की'

जर्मन शिकायला लागलं की पहिल्याच आठवड्यात 'या' म्हणजे हो आणि 'नाइन' म्हणजे नाही एवढं कळतं आणि वाटतं की झालं, हा विषय संपला. मग कधीतरी 'डॉख' येतो (शेवटचा ख घशातून, खाकरल्यासारखा), डिक्शनरीत बघावं तर पण, तरीही, हो असे चार-पाच अर्थ दिसतात आणि समोरच्या वाक्यात त्यातला एकही धड बसत नाही. मला विचाराल तर मराठी माणसाने डॉख इंग्लिशमधून शिकूच नये, आपल्या 'की' आणि 'ना' मधून शिकावा, पटकन डोक्यात बसतो.

आधी सोपं. 'हास्ट डू काइनेन हुंगर?' म्हणजे तुला भूक नाहीये का? भूक असेल तर इथे 'या' चालत नाही, 'डॉख!' म्हणायचं. आपण काय म्हणतो? "आहे की!" तोच डॉख. समोरच्याने 'नाही' धरून विचारलंय आणि आपल्याला ते 'नाही' खोडायचंय, मग डॉख. भूक खरंच नसेल तर 'नाइन'. इथे मराठीची सवय आडवी येते, कारण आपण "हो, नाहीये" असंही म्हणतो, त्यातला हो म्हणजे तुझं बरोबर आहे. मी जर्मनीत नवीन असताना एका बेकरीत तेच केलं, काउंटरवरच्या बाईंनी विचारलं पिशवी नकोय का, मी 'या' म्हटलं, आणि त्या पिशवी हातात धरून थांबल्या, द्यायची की नाही तेच त्यांना कळेना. 'नाइन, डांके' म्हणायला हवं होतं.

खरी मजा पुढे आहे, कारण हे दोन्ही शब्द वाक्याच्या मधेसुद्धा येतात आणि तिथे त्यांचा अर्थ हो वगैरे काही नसतो, नुसती छटा असते. 'एस रेग्नेट या!' आणि 'एस रेग्नेट डॉख!' ही दोन वाक्यं घ्या. मराठीत दोन्ही "पाऊस पडतोय की!" पण आपण ते दोन वेगळ्या सुरांत म्हणतो. खिडकी उघडली, बाहेर बघितलं, आणि "अरे, पाऊस पडतोय की!", हा झाला 'या', आत्ता लक्षात आलं. आणि कुणी छत्री न घेताच निघालंय, त्याला "अरे थांब, पाऊस पडतोय की!", हा डॉख, म्हणजे तुला हे दिसायला हवं होतं, तुझं वागणं त्याच्याशी जुळत नाहीये. आपण सुराने जो फरक करतो तो जर्मन माणूस शब्दाने करतो.

'या'चं अजून एक काम आहे, दोघांनाही माहीत असलेली गोष्ट बोलताना तो येतो. 'डू वाइस्ट या', तुला तर माहीतच आहे. इथे तो आपला 'तर' किंवा 'च'.

आज्ञार्थात मात्र दोघं एकदम उलट दिशेला जातात आणि हे नीट लक्षात ठेवायला हवं. 'कॉम डॉख मिट!' म्हणजे चल ना आमच्याबरोबर, 'झेत्सेन झी झिश डॉख!' म्हणजे बसा ना. डॉख काढला तर "बसा" एवढंच उरतं, आवाज जरा कोरडा असेल तर हुकूमच वाटतो. आणि 'या' जोर देऊन घातला की धमकीच्या जवळ जातं, 'कॉम या निष्ट त्सू श्पेट!', उशीर करायचा नाही हं, आत्ताच सांगून ठेवते.

जोर कुठे पडतो यावर डॉखचाही अर्थ फिरतो. 'एर इस्ट डॉख गेकोमेन' यात डॉख हलका म्हटला तर "आलाय की तो, तू नाही काय म्हणतोस". डॉखवर जोर दिला तर "आला बाई शेवटी!", म्हणजे येणार नाही असंच सगळे धरून बसले होते. लिहिलेलं अक्षरन् अक्षर सारखं, त्यामुळे हे फक्त कानानेच शिकता येतं, वाचून नाही.

आणि एक डॉख असा आहे जिथे की पण नाही, ना पण नाही. नाव ओठांवर आहे पण आठवत नाहीये तेव्हा जर्मन माणूस म्हणतो, 'वी हाइस्ट एर डॉख ग्लाइश?' काय बरं त्याचं नाव? तिथे डॉख म्हणजे आपला 'बरं'.